पार्ट टाइम होण्याआधी: पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब

घरात कुणी आजारी असतं, मूल लहान असतं, स्वतःची तब्येत साथ देत नाही, किंवा निवृत्तीआधीची शेवटची चार-पाच वर्षं जरा सावकाश काढायची असतात. मग कंपनीशी बोलणं होतं, आठवड्याला तीन दिवस किंवा रोज चार तास ठरतात, पगार निम्म्यावर येतो. चर्चा होते ती हातात पडणाऱ्या पगाराची. पेन्शनचं कुणी विचारत नाही, कारण "पगार अर्धा, तर पुढचं सगळं अर्धं" असं सगळे धरून चालतात.

हे गृहीतक दोन्ही बाजूंनी चुकतं. काही जणांच्या पेन्शनला पार्ट टाइममुळे एका रुपयाचाही फटका बसत नाही. काहींची मात्र पूर्णवेळ काम केलेल्या जुन्या वर्षांची कमाईसुद्धा घटते. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: पार्ट टाइम नोकरीच्या कोणत्या टप्प्यात घेतलंत आणि ते कागदावर कसं मांडलं गेलं. इथला सगळा हिशेब खासगी नोकरीतल्या, म्हणजे ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या) सदस्यांचा आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

"पार्ट टाइमवाल्यांना पीएफ लागत नाही" हे वाक्य एचआरकडून सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या तासांवर उभी नाही. वेतन घेऊन आस्थापनेचं काम करणारा तो कर्मचारी, मग थेट नेमलेला असो वा ठेकेदारामार्फत. घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनाही सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये याच कायद्याखाली कर्मचारी मानलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी तास कमी म्हणून हक्क गेला असं तिच्यातही नाही.

याच्याच जोडीचा दुसरा प्रकार असा: पार्ट टाइम झाल्यावरही पगार १५,००० च्या वर राहिला, तर "आता पीएफ ऐच्छिक आहे, बंद करू" असं सांगितलं जातं. ही सूट नव्याने नोकरीला लागणाऱ्या आणि आधी कधीच सदस्य नसलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही सदस्य आहात, तर सदस्यच राहता.

पायरी १: पेन्शनचं सूत्र हातात घ्या

तुमच्या पगारातून १२ टक्के पीएफमध्ये जातात, कंपनीही १२ टक्के भरते. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये वळतात. हे वळतं करणं जास्तीत जास्त १५,००० पगारावर होतं, म्हणून तिथे महिन्याला १,२५० रुपयांहून जास्त जात नाहीत. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. ती बदलली, तर खालची आकडेमोड नव्या आकड्याने करा.

महिन्याची पेन्शन अशी निघते:

पेन्शनपात्र पगार × पेन्शनपात्र सेवेची वर्षं ÷ ७०

पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, तीही १५,००० च्या आतच. २०१४ च्या आधी ही सरासरी १२ महिन्यांची होती. पार्ट टाइमवाल्यांचं सगळं गणित या ६० महिन्यांत अडकलेलं आहे.

समजा, एका बाईंना नोव्हेंबर २०१४ मध्ये चाळिसाव्या वर्षी १२,००० बेसिकवर नोकरी लागली. आज बेसिक अधिक डीए २०,००० आहे. ऑक्टोबर २०३२ मध्ये त्या ५८ पूर्ण करतील, सेवा १८ वर्षं होईल.

शेवटपर्यंत पूर्णवेळ राहिल्या तर १५,००० × १८ ÷ ७० = ३,८५७ रुपये.

शेवटची पाच वर्षं निम्म्या पगारावर, म्हणजे १०,००० वर काढली, तर १०,००० × १८ ÷ ७० = २,५७१ रुपये. पाच वर्षं तास कमी केले, पण पेन्शन घटली ती अठराही वर्षांची, कारण सरासरी सगळ्या सेवेला गुणली जाते.

शेवटची दोनच वर्षं पार्ट टाइम केलं, तर सरासरी (३६ महिने × १५,००० + २४ महिने × १०,०००) ÷ ६० = १३,००० येते आणि पेन्शन ३,३४३ होते.

आता त्यांनी ४६ ते ४८ या वयात दोन वर्षं पार्ट टाइम केलं आणि मग पुन्हा पूर्णवेळ झाल्या असं धरा. शेवटचे ६० महिने भरगच्च आहेत, सेवेत खंड नाही. पेन्शन ३,८५७. काहीच गेलं नाही.

आणि ज्यांचं बेसिक ३४,००० वरून १७,००० वर येतं, त्यांचं काय? सरासरी १५,००० च्या वरच राहते, म्हणून पेन्शन तसूभरही हलत नाही. पार्ट टाइमनंतरचं वेतन १५,००० च्या वर ठेवता येत असेल, तर तास ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा. साडेतीन दिवसांऐवजी चार दिवस घेतल्याने वेतन ही रेघ ओलांडत असेल, तर त्या अर्ध्या दिवसाची किंमत फार मोठी आहे.

हा दिलासा एका गटाला नाही. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्यांनी प्रत्यक्ष पगारावर वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला आणि तो मंजूर झाला, त्यांना १५,००० ची मर्यादा लागू नाही. त्यामुळे तिचं संरक्षणही नाही. ८०,००० वरून ४०,००० वर आलात आणि पाच वर्षं तसेच राहिलात, तर सरासरी सरळ निम्मी होते. अशांनी ५८ च्या आधीच्या पाच वर्षांत पार्ट टाइमला हात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अगदी नाइलाज असेल, तर आकडे मांडून मगच सही करावी.

सप्टेंबर २०१४ च्या आधीची सेवा असेल, तर त्या वर्षांचा हिशेब ६,५०० च्या मर्यादेने वेगळा होतो. सरासरी १०,००० वर घसरली तरी ती ६,५०० च्या वरच आहे, म्हणून त्या जुन्या भागाला धक्का लागत नाही. घट होते ती २०१४ नंतरच्या वर्षांच्या भागात.

पायरी २: पार्ट टाइम की नोकरीच सोडायची, हेही मोजा

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचं उत्तर पुष्कळांना चकित करतं. वरच्याच बाईंनी ५३ व्या वर्षी, १३ वर्षांच्या सेवेवर नोकरी सोडली, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची सेवा नोंदवून ठेवणारा ईपीएफओचा दाखला) घेऊन ठेवलं आणि ५८ ला पेन्शन सुरू केली असं धरा. तेव्हाचे शेवटचे ६० महिने पूर्ण पगाराचे आहेत. १५,००० × १३ ÷ ७० = २,७८६ रुपये. पाच वर्षं निम्म्या पगारावर राबून मिळणाऱ्या २,५७१ पेक्षा ही रक्कम जास्त आहे.

म्हणून नोकरी सोडा असं आम्ही म्हणत नाही. पाच वर्षांचा पगार, त्यावरचा पीएफ, विमा हे सगळं त्या २१५ रुपयांहून कितीतरी मोठं आहे. पण काम केल्याने पेन्शन वाढतेच, हा समज घेऊन निर्णय होऊ नये. शेवटची पूर्ण पाच वर्षं पार्ट टाइम काढायची असतील, तर मोजायचा ठोकताळा असा: आजवरची सेवा भागिले (आजवरची सेवा अधिक ५). १३ वर्षं सेवा असेल, तर १३ ÷ १८, म्हणजे साधारण ७२ टक्के. नवं वेतन १५,००० च्या ७२ टक्क्यांहून, म्हणजे सुमारे १०,८०० हून कमी असेल, तर या पाच वर्षांत पेन्शन वाढण्याऐवजी कमी होते.

याला उलटं पारडंही आहे. २० वर्षं पेन्शनपात्र सेवा पूर्ण झाली की दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते. तुम्ही सतराव्या-अठराव्या वर्षावर असाल, तर पार्ट टाइमची वर्षंही २० मध्ये धरली जातात. तसंच १० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मासिक पेन्शनच नाही. सेवा आठ-नऊ वर्षं असेल, तर पगार कितीही कमी झाला तरी चालेल, पण १० वर्षं गाठा.

निवृत्तीचं वय ६० असलेल्या कंपनीत असाल, तर एक चांगली वाट आहे. ईपीएसचं सदस्यत्व ५८ ला संपतं आणि पुढे कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जातात. ५८ नंतर पार्ट टाइम झालात, तर पेन्शनच्या सरासरीला त्याचा स्पर्शही होत नाही. त्या काळात पगार चालू असल्याने पेन्शन लगेच नको असेल, तर ती ६० पर्यंत पुढे ढकलता येते आणि दर पूर्ण वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ढकलताना वर्गणी चालू ठेवायची की नाही, हा पर्याय तुमचा असतो. पार्ट टाइम असाल, तर वर्गणीशिवायचा पर्याय निवडा, नाहीतर तो कमी पगार सरासरीत शिरेल.

पार्ट टाइम काम करताना ५० नंतरची लवकरची पेन्शन सुरू करू, असा बेत काही जण आखतात. तो चालत नाही. ती पेन्शन नोकरी सुटल्यावरच मिळते, शिवाय ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात.

पायरी ३: एनसीपी दिवसांचा रकाना समजून घ्या

कंपनी दर महिन्याला ईपीएफओकडे ईसीआर नावाचा तक्ता भरते. त्यात तुमच्या नावापुढे एनसीपी दिवस लिहायचा रकाना असतो. एनसीपी म्हणजे बिनपगारी, वर्गणी न भरलेले दिवस. हा छोटा रकाना पेन्शनचा आकडा फिरवतो.

रोज चार तास काम असेल किंवा नवा ठरावीक मासिक पगार लिहिलेला असेल, तर एनसीपी शून्य असायला हवा. सेवा पूर्ण मोजली जाते, पगार कमी धरला जातो. वरचा २,५७१ हा हिशेब याच पद्धतीचा.

पण करारात पूर्ण दिवसाचा दर तोच ठेवून महिन्याचे १५ दिवस काम आणि उरलेले बिनपगारी रजा असं असेल, तर ते १५ दिवस एनसीपीत जातात. मग योजनेचा नियम वेगळा लागतो: ६० महिन्यांत मिळालेला एकूण पगार, भागिले प्रत्यक्ष पगारी दिवस, गुणिले ३०. म्हणजे ६,००,००० ÷ ९०० × ३० = २०,०००, मर्यादेने १५,०००. सरासरी शाबूत राहिली. मात्र पाच वर्षांतली अडीच वर्षं सेवेतून गेली. उरली साडेपंधरा वर्षं. सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १६. पेन्शन १५,००० × १६ ÷ ७० = ३,४२९.

तेच काम, हातात तोच पगार, आणि पेन्शनमध्ये महिन्याला ८५८ रुपयांचा फरक. यातलं सोयीचं निवडून तक्त्यात काहीही भरायचं असं नसतं. करारात जे आहे तेच तक्त्यात यायला हवं. म्हणून विचार करायची वेळ करार लिहितानाची आहे. दहा किंवा वीस वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी सेवेतून दिवस वजा होणारा मार्ग टाळावा.

पायरी ४: ग्रॅच्युइटी आधी सोडवा

खरा मोठा खड्डा इथे आहे आणि याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते: शेवटचं वेतन × १५ ÷ २६ × पूर्ण वर्षं. सरासरी नाही, ६० महिने नाहीत, फक्त शेवटचं वेतन. २०,००० वेतनावर १८ वर्षांची ग्रॅच्युइटी २,०७,६९२ रुपये होते. निवृत्तीच्या वेळी वेतन १०,००० असेल, तर १,०३,८४६. तेरा वर्षं पूर्णवेळ घाम गाळलेला असतो, त्याचीही ग्रॅच्युइटी निम्म्या दराने मिळते.

कायद्याला हा अन्याय ठाऊक आहे. अपंगत्व आल्यामुळे कमी वेतनावर काम करणाऱ्याची आधीची वर्षं जुन्या वेतनाने आणि नंतरची नव्या वेतनाने मोजायची, असा नियम १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. अपघात किंवा आजारामुळे अपंगत्व येऊन पार्ट टाइम झाला असाल, तर हा हक्क मागून घ्या. इतरांना तो आपोआप मिळत नाही. पण कायद्यापेक्षा चांगल्या अटी कंपनीने लेखी दिल्या, तर त्या पाळाव्या लागतात. म्हणून पत्रात हे वाक्य घालून घ्या:

"दिनांक अमुक पर्यंतच्या पूर्णवेळ सेवेची ग्रॅच्युइटी त्या दिवशीच्या पूर्णवेळ वेतनावर आणि त्यानंतरच्या सेवेची ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाईल. कामाच्या तासांतल्या बदलामुळे सेवेत खंड पडलेला नाही. आठवड्यातले काम नसलेले दिवस सेवेतला खंड मानले जाणार नाहीत."

शेवटचं वाक्य फालतू वाटलं तरी गाळू नका. आठवड्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला १५६ दिवस होतात. सलग सेवेबद्दल वाद झाला, तर वर्षात २४० दिवस काम केल्याची अट पुढे केली जाते.

काही कंपन्या म्हणतात, राजीनामा द्या, आजवरची ग्रॅच्युइटी घ्या, दुसऱ्या दिवसापासून पार्ट टाइम रुजू व्हा. जुनी ग्रॅच्युइटी पूर्ण दराने मिळत असेल, तर हा सौदा वाईट नाही, पण ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठी लागणाऱ्या पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते हे धरून चाला. आणि मधल्या दिवसांत पीएफ काढायच्या मोहात पडू नका. यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात ऑनलाइन वळवून घ्या.

पायरी ५: "कन्सल्टंट" हा शब्द दिसला की थांबा

अनेकदा पार्ट टाइमच्या नावाखाली व्यावसायिक सेवेचा करार पुढे केला जातो. पगाराऐवजी फी, तिच्यावर १० टक्के टीडीएस, सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, विमा नाही. साहेब तेच, खुर्ची तीच, हजेरीही तशीच. तुमच्या कामावर देखरेख कंपनीचीच असेल, वेळ आणि जागा तीच ठरवत असेल, तर तुम्ही कर्मचारी आहात, कराराचं शीर्षक काहीही असो. पण सही करून वर्षभराने भांडण्यापेक्षा सहीआधी "कर्मचारी म्हणूनच राहीन" असं सांगणं सोपं आहे.

पगाराच्या मांडणीतही फसगत होते. निम्मा पगार देताना बेसिक आणखी खाली ओढून बाकी भत्त्यांत टाकतात. नव्या संहितेप्रमाणे वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा आहे. एकूण २०,००० असतील, तर ६,००० बेसिक दाखवून सुटका होत नाही, वेतन १०,००० धरलं जातं.

पायरी ६: घटलेला पीएफ आणि विमा

२०,००० वर पूर्ण १२ टक्के भरले जात असतील, तर पीएफ खात्यात महिन्याला तुमचे २,४०० आणि कंपनीचे १,१५० मिळून ३,५५० पडतात. १०,००० वर तुमचे १,२०० आणि कंपनीचे ३६७, एकूण १,५६७. तूट १,९८३ रुपयांची. घरखर्च झेपत असेल, तर ऐच्छिक पीएफ वाढवून ती भरता येते. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. ऐच्छिक रकमेने पीएफ वाढतो, पेन्शन नाही.

पीएफशी जोडलेला विमा मागच्या १२ महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या ३५ पट, अधिक खात्यातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे (जास्तीत जास्त १.७५ लाख) असा मोजतात. १५,००० वेतनाला तो ७ लाखांपर्यंत जातो. वेतन १०,००० झालं की वर्षभरातच ५.२५ लाखांवर येतो. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर वेगळा मुदतीचा विमा आधी घ्या.

पायरी ७: बदलानंतरचे तीन महिने

बदलाच्या आदल्या आठवड्यात सदस्य पोर्टलवरून किंवा उमंग अ‍ॅपवरून पासबुक आणि सेवेचा तपशील डाउनलोड करून ठेवा. त्या दिवशीची सॅलरी स्लिपही ठेवा. ग्रॅच्युइटीच्या वादात पूर्णवेळ वेतनाचा तोच पुरावा असतो.

कंपनीने त्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यानंतर पासबुक उघडा आणि पेन्शनचा रकाना पाहा. १०,००० वेतनाला तिथे ८३३ दिसले पाहिजेत. शून्य दिसलं, तर तुम्हाला पेन्शन योजनेतून बाहेर दाखवलं आहे. ही चूक राजीनामा देऊन पुन्हा रुजू झालेल्यांच्या बाबतीत विशेष होते: नवी नेमणूक १५,००० च्या वर असली की संगणकावर "नवा सदस्य, पेन्शन नाही" अशी खूण पडते. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सदस्य झालेल्या जास्त पगाराच्या लोकांसाठी ती खूण आहे. जुने ईपीएस सदस्य तिच्यात येत नाहीत.

सेवेच्या तपशिलात नोकरी सोडल्याची तारीख चुकून भरलेली नाही ना, हेही बघा. तास कमी होणं म्हणजे नोकरी सुटणं नाही. तारीख पडली असेल, तर कंपनी आणि तुम्ही मिळून जॉइंट डिक्लरेशन भरून ती दुरुस्त होते. हे काम कंपनी चालू असतानाच करून घ्या. कंपनी बंद पडली किंवा मालक बदलला, की एका सहीसाठी वर्षं जातात.

कंपनी ऐकत नसेल, तर आधी एचआरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएनसह तक्रार नोंदवा, सोबत करारपत्र, तीन सॅलरी स्लिपा आणि पासबुकाची पानं जोडा. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" हा मेळावा भरतो. तिथे कागद घेऊन प्रत्यक्ष जाता येतं. वर्गणीच भरली जात नसेल, तर थकबाकीच्या चौकशीची मागणी अर्जात स्पष्ट शब्दांत लिहा आणि कोणत्या महिन्यापासून, किती वेतनावर वर्गणी बाकी आहे, त्याचा महिनावार तक्ता स्वतः करून जोडा.